लेनर्ड म्हणेल ती योजना

लेनर्ड केम्पाइननला वाचनाचा नाद असा नव्हता. पण यंत्राबरोबर येणारं माहितीपुस्तक तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. एकतीस वर्षं त्याने काउंटीच्या रस्तेखात्यात बर्फ काढायची गाडी चालवली. नवी गाडी आली की बाकीचे ड्रायव्हर किल्ली फिरवून मोकळे व्हायचे. हा दोन दिवस केबिनमध्ये बसून, ओळीखाली पट्टी धरून वाचत राहायचा.

"लेनर्ड, आर्लीनबरोबरही पुस्तक आलं होतं का रे?" बरोबरचा ड्रायव्हर क्लाइड बोनेट्टी त्याच्या बायकोवरून विचारायचा.

"मागितलं होतं," लेनर्ड म्हणायचा, "तिच्या आईने दिलं नाही."

निवृत्त झाल्यावर ही सवय सगळ्या वस्तीच्या उपयोगी पडली. पासष्टी ओलांडली की सरकारचा आरोग्य विमा मिळतो, पण वस्तीतल्या बहुतेकांनी तो खासगी कंपन्यांच्या योजनांमधून घेतलेला. त्या योजना दरवर्षी बदलतात. कुठल्या योजनेत कुठला डॉक्टर, कुठलं औषध, हे एक जानेवारीला नव्याने ठरतं. आपल्याला योजना बदलायची असेल तर पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर. त्या मुदतीत काही केलं नाही, तर आहे तीच पुढे चालू. सप्टेंबर संपता संपता जाडजूड पाकिटं यायला लागतात. मिशिगन राज्यातल्या आयर्नवूडच्या पुढे सहा मैलांवर, बंद पडलेल्या खाणीभोवतीच्या व्हिटियर वस्तीतली माणसं ती पाकिटं न फोडताच ड्रॉवरमध्ये सारायची. दर मंगळवारी ल्युथरन चर्चच्या तळघरात कॉफीला ही बारा-तेरा माणसं जमत. ऑक्टोबरच्या अखेरीस वेलदोड्याच्या गोड पावाचा, नीसूचा, तुकडा कॉफीत बुडवता बुडवता कुणीतरी विचारायचं, "मग लेनर्ड, यंदा आपण कुठले?"

दोनच योजना इथवर पोचायच्या. त्यांची लांबलचक नावं कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. पाकिटाच्या रंगावरून एक हिरवी आणि एक निळी, अगदी दवाखान्यांच्या खिडकीवरसुद्धा. लेनर्ड "निळी" म्हणाला की सगळे निळे. का, कशासाठी, हे कुणी विचारत नसे. इथे तसं विचारत नाहीत. एकदा माणसाला विचारलं की त्याचं ऐकायचं, नाहीतर विचारूच नये, अशी रीत.

तळघरात जे दिसायचं नाही ते असं: पट्टी धरून वाचायचा लेनर्ड, पण फोन करायची आर्लीन. योजनेत कुठले डॉक्टर आहेत त्याची यादी छापून हाती पडेपर्यंत शिळी झालेली असते, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून लेनर्डचं वाचून झालं की ती टेलिफोन मांडीवर घेऊन बसायची आणि तळघरातल्या एकेकाच्या डॉक्टरकडे नोंदणीच्या खिडकीवर जी कुणी बाई असेल तिला फोन लावायची. "तुम्ही ही योजना घेता का?" असं ती विचारत नसे. त्याला सगळे हो म्हणतात. ती आधी त्या बाईच्या गुडघ्याची, नातवंडांची चौकशी करायची आणि मग म्हणायची, "बरं, मला एवढंच सांग बाई, जानेवारीपासून कुणाकुणाला परत पाठवायला सांगितलंय तुला?" त्याचं उत्तर मात्र खरं यायचं. लेनर्ड समोर बसून बटाटे सोलायचा. पुढच्या मंगळवारी रंग सांगायचा तो. तेव्हा आर्लीन मोरीपाशी कप विसळत असायची.

ऑगस्टमध्ये आर्लीन गेली. सकाळी ब्लूबेरी निवडत होती, दुपारी गेली. डोक्यात रक्ताची गुठळी.

लेनर्ड रडला नाही. रडू येईल म्हणून तो काही दिवस थांबला होता, जसा माणूस स्टेशनवर उशिराच्या गाडीसाठी थांबतो, आणि मग थांबायचंही राहून गेलं. उठावं, दाढी करावी, डब्यातलं टोमॅटोचं सार गरम करावं, भांडं धुवावं. शनिवारी वाफेच्या अंघोळीचा सौना तापवावा, आत बसावं, बाहेर यावं. एकदा कॉफीने त्याची जीभ पोळली आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी, पावाची चव लागेना तेव्हा कळलं. टपाल यायचं ते तो घराखालच्या तळघरातल्या कपड्यांच्या टोपलीत टाकायचा. सांत्वनाची कार्डं, बियांचे कॅटलॉग, जाड पाकिटं, सगळं एकात एक. टोपली भरली तेव्हा त्याने शेजारी दुसरी ठेवली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी तळघरात सगळे जरा जपूनच बोलत होते. हवा झाली, हरणांची शिकार झाली. मग डोरीन पावोलाने विचारलं. डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबलेली बाई, चौऱ्याहत्तरीची, लेनर्डच्याच वर्गातली.

"काय मग लेनर्ड, यंदा आपण कुठले?"

लेनर्डने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न कानावर आला, पण दूरच्या खोलीत कुणी कुणाला तरी काही विचारतंय तसा. गेल्या वर्षी हिरवी होती.

"हिरवीच," तो म्हणाला.

"हिरवीच म्हणजे काही करायलाच नको," क्लाइड म्हणाला. "ही योजना आपल्याला आवडली बुवा. बसल्या जागी होते." तो कॅथलिक, पण कॉफीपुरता ल्युथरन.

सगळे हसले. कुणीतरी लेनर्डच्या खांद्यावर थोपटलं. सात डिसेंबर आला आणि गेला. त्या दिवशी चौदा इंच बर्फ पडला आणि लेनर्डने अंगणातली वाट तीनदा साफ केली. त्या वाटेने कुणी आलं नाही.

नऊ जानेवारीला, शुक्रवारी, अंधारता अंधारता डोरीन आली. मागे क्लाइड, त्याची गाडी रस्त्यावर चालूच. डोरीनने बूट काढले नाहीत, तशीच स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. बुटाखाली पाण्याचं थारोळं झालं.

डोरीनचा डावा डोळा चार वर्षांपूर्वी मधोमध विझलेला. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. उजव्यालाही तेच व्हायला लागलं होतं, ते दर सहा आठवड्यांनी डोळ्यात टोचायच्या एका इंजेक्शनने थोपवून धरलेलं. त्यासाठी शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या डलूथला जायचं, दोन तास जायला आणि दोन यायला. आळीपाळीने कुणीतरी न्यायचं. आज क्लाइडची पाळी होती.

"परत पाठवलं," डोरीन म्हणाली.

"कशाला?"

"एक जानेवारीपासून हिरवीवाले त्या दवाखान्यात चालत नाहीत. राज्य वेगळं, म्हणे. खिडकीवरची पोरगी म्हणाली, 'तुम्हाला सप्टेंबरमध्ये पत्र आलं असेल.' मी म्हटलं, आलं असेल बाई, ड्रॉवरमध्ये आहे. पदरचं भरायचं तर एका सुईचे दोन हजार डॉलर. मी म्हटलं, दोन हजारांत तर मी क्लाइडला विकत घेईन."

"आणि सुटे परत मिळतील," क्लाइड दारातून म्हणाला. कुणी हसलं नाही.

लेनर्ड उभाच होता.

"तू वाचलं होतंस का?" डोरीनने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. शाळेत एखाद्या पोराला 'हात धुतलेस का' विचारावं तसा होता.

लेनर्ड खाली गेला आणि टोपली घेऊन आला. मग परत जाऊन दुसरीही आणली. दोन्ही टेबलावर ठेवल्या. वरच हिरवं पाकीट होतं, बंद. डोरीनला ते नीट दिसलं नसावं. तिने हात पुढे करून चाचपलं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"बरं," ती म्हणाली.

क्लाइड बाहेर जाऊन गाडी बंद करून आला.

"आता ऐक," डोरीन म्हणाली. "त्या पोरीने मला सांगितलंय आणि वाटेत मी क्लाइडकडून चारदा म्हणवून घेतलंय. आपल्यासारखे जे खासगी कंपन्यांच्या योजनेत आहेत, त्यांना जानेवारी ते मार्चअखेर एकदा बदलता येतं. एकदाच. ती संधी चुकली तर पुढच्या जानेवारीपर्यंत बसा. आणि आज सांगितलं तरी लागू होते पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून."

"म्हणजे एक फेब्रुवारी."

"या महिन्यात झालं तर. म्हणून तू वाच. मला वाचता येत नाही आणि क्लाइडने वाचलं तर मी बाळंतिणीच्या योजनेत जाईन."

ती गेल्यावर लेनर्डने पाकीट फोडलं. पट्टी घेतली. पहिली ओळ वाचली, मग परत पहिलीच. अक्षरं कळत होती. एकामागून एक लावली की त्यांचं काही होत नव्हतं. रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा तो तिसऱ्या पानावर होता. तिथे, काळ्या चौकटीत, मिनेसोटातले कुठले दवाखाने वगळले त्यांची यादी होती. डोरीनचा दवाखाना पाचवा.

एवढ्यासाठी ऑक्टोबरमध्ये तीन पानं पुरली असती.

शनिवारी त्याला निळीचं पुस्तक मागवावं लागलं नाही, तेही टोपलीतच होतं. त्यातल्या डॉक्टरांच्या यादीत डलूथचा दवाखाना छापलेला होता. लेनर्ड त्या ओळीखाली पट्टी धरून बसला. पण छापलेली यादी शिळी असते, असं आर्लीन म्हणायची. एकच संधी आणि ती या ओळीच्या भरवशावर. सरकारचा साधा विमा घ्यायचा हाही एक मार्ग होता. त्यात कुठलाही डॉक्टर चालतो. पण त्यात खर्चाचा पाचवा हिस्सा आपल्या अंगावर पडतो, आणि तो उचलणारा जोडविमा आता द्यायचा की नाही हे कंपनी तब्येत विचारून ठरवते. डोरीनची तब्येत विचारली तर ते फोनच ठेवतील.

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याने टेलिफोन समोर ओढला. लग्नानंतरच्या एकावन्न वर्षांत या घरातून त्याने अग्निशमन दलाला एकदा आणि पशुवैद्याला दोनदा फोन केला होता. ऑगस्टमध्ये रुग्णवाहिकेलाही केला असणार. ते त्याला आठवत नव्हतं.

डलूथच्या दवाखान्यातून बाईचा आवाज आला.

"लेनर्ड केम्पाइनन बोलतोय," तो म्हणाला, आणि थांबला. गुडघ्याचं विचारायचं असतं. पण कुणाचा गुडघा? "मला निळ्या योजनेबद्दल... तुम्ही घेता का?"

"हो, घेतो ना," बाई म्हणाली.

त्याने पुस्तकावरची पट्टी सरळ केली. मग ती म्हणाली, "आणखी काही?"

"जानेवारीत कुणाकुणाला परत पाठवलंत?" लेनर्ड म्हणाला. एकदम, घसा न खाकरता.

"अं?"

"परत. कुठल्या योजनेच्या लोकांना."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "थांबा हं... हिरवीचे सगळे. आणि निळीच्या दोनपैकी एका प्रकारातले. तुम्ही पहिली घेऊ नका, ती मिशिगनपुरतीच आहे. दुसरी घ्या, राज्याबाहेर चालते ती. पुस्तकात दोन्ही एकत्रच छापल्यात, लोक फसतात." मग जरा थांबून, "तुम्ही मिशिगनहून बोलताय का? दरवर्षी तिकडून एक बाई फोन करतात. अगदी हेच विचारतात. यंदा नाही केला त्यांनी."

"हो," लेनर्ड म्हणाला.

"त्यांना नमस्कार सांगा."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. मग तो बराच वेळ टेलिफोनपाशीच बसला. काही झालं नाही. आत काही तरी सुटेल असं त्याला वाटलं होतं, पण नुसती घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्याने पुन्हा फोन उचलला आणि औषधांच्या दुकानाला लावला, डोरीनच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. तिथेही त्याने तेच विचारलं.

मंगळवारी तळघरात तो उभा राहिला. बोलायला तिथे कुणी उभं राहत नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

"हिरवी मी वाचली नव्हती," लेनर्ड म्हणाला. "डोरीनचं इंजेक्शन चुकलं. तुमची पाकिटं आणा. मार्चअखेरपर्यंत एकदा बदलता येते."

क्लाइडला बोलायचं होतं, पण डोरीनने टेबलाखालून त्याला काहीतरी केलं असावं. मग कुणीतरी नीसूची बशी लेनर्डपुढे सरकवली. तेवढंच. पुढच्या आठवड्यात अकरा घरांची पाकिटं आली. बहुतेकांचे डॉक्टर हिरवीत जागच्या जागी होते. दोघांचे नव्हते.

योजना बदलायला डोरीनला स्वतः फोनवर बोलावं लागलं, तिच्या संमतीचा आवाज नोंदवून घेतात. लेनर्डने नंबर लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला. पलीकडचा मुलगा दर वाक्यानंतर 'कळलं का, मान्य आहे का' विचारत होता.

"हो," डोरीन म्हणत होती. "हो. हो. अरे बाळा, माझ्या लग्नात सुद्धा मला एकदाच विचारलं होतं." मग ऐकत राहिली. "हो, माझ्याच मर्जीने. नाही, माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. इथे एक जण बसलाय, पण तो दबाव आणणाऱ्यांतला नाही." मग रिसीव्हरवर हात ठेवून लेनर्डला म्हणाली, "दुसरी ना? राज्याबाहेरची?"

"दुसरी," लेनर्ड म्हणाला. "त्याच्याकडून नाव वदवून घे."

चार फेब्रुवारीला, बुधवारी, लेनर्ड तिला डलूथला घेऊन गेला. क्लाइडला त्याने येऊ दिलं नाही. वारा सरोवरावरून येत होता, रस्ता मधूनमधून नाहीसा होत होता. तो ताशी चाळीस मैलांच्या वर गेला नाही. तीन तास लागले. खिडकीवरच्या बाईने नवं कार्ड घेतलं, यंत्रात आकडे टाकले, पडद्याकडे पाहिलं. लेनर्ड तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"बसा," ती म्हणाली. "बोलावतील."

आधी अक्षरांचा तक्ता झाला. लेनर्डला आत बसू दिलं. डोरीन वरून वाचत आली, शाळेत पाढे म्हणावेत तशी, आणि मध्येच थांबली.

"खालची?" डॉक्टर म्हणाली. तरुण होती, शांत होती.

"खालची मुंग्यांची रांग आहे."

"नोव्हेंबरमध्ये ही ओळ तुम्ही वाचली होती. तिच्या खालचीही निम्मी."

"मग आता?"

"आता इंजेक्शन देते. आहे ते टिकवू. गेलेलं परत आणता येत नाही." तिने कागदावर काहीतरी लिहिलं. "मध्ये चार आठवडे गेले ना. आता सहाऐवजी दर चार आठवड्यांनी या."

डोळ्यावर पट्टी बांधून डोरीन बाहेर आली. गाडीत बसल्यावर लेनर्डने इंजिन चालू केलं, पण गिअर टाकला नाही. काचेवरचं बर्फ वितळायला वेळ लागणार होता. त्याने पिशवीतून मांस-बटाट्याची पास्टी काढली, अर्धी करून तिच्या हातात दिली.

"फोन आर्लीन करायची," तो म्हणाला. "दरवर्षी. मी नुसता वाचायचो. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

डोरीन चावत होती. चावून झाल्यावर म्हणाली, "माहीत होतं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. अरे, माझ्या डॉक्टरचा नंबर ती माझ्याकडूनच घ्यायची ना. क्लाइडला तर कोलेस्टेरॉलवरून बोलायची, ते तुझ्या पट्टीला कुठून कळणार?"

वायपर एकदा फिरला, अडकला, परत फिरला.

"मग मला का विचारायचात?"

"आर्लीन म्हणायची, त्याला विचारा. त्याला बरं वाटतं."

"आणि यंदा? यंदा ती नव्हती."

डोरीनने उरलेला तुकडा रुमालात गुंडाळला. पट्टीमुळे तिला तो दिसत नव्हता, हातानेच घड्या घालत राहिली.

"यंदा विचारलं नसतं तर तुला वाटलं असतं, ही सगळी ओळखून होती. आर्लीन गेली आणि हा आपल्या कामाचा राहिला नाही, असं आपण ठरवून टाकलं, असं वाटलं असतं. म्हणून विचारलं. उत्तरासाठी नाही विचारलं लेनर्ड. पण तू उत्तर दिलंस आणि मग तुझ्यामागून जाऊन कुठे तपासायचं? बरं दिसलं नसतं ते."

लेनर्डने मान हलवली. हे ऐकल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि वाट पाहिली. काच खालून वर स्वच्छ होत गेली.

"एक ओळ गेली," तो म्हणाला.

"दीड," डोरीन म्हणाली. "मला मोजता येतं अजून. पुढची वेळ कधी म्हणाली ती?"

"चार मार्च. बुधवार."

"क्लाइडची पाळी आहे."

"मी नेईन."

"दर चार आठवड्यांनी? पोटापाण्याचं काही काम नाही का तुला?"

"नाही," लेनर्ड म्हणाला.

घरी पोचेतो अंधार पडला होता. तिच्या दारापर्यंतच्या वाटेवर वाऱ्याने नवा बर्फ लोटला होता, त्याखाली जुना, काचेसारखा. लेनर्ड फिरून तिच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि कोपर पुढे केलं. डोरीनने ते धरलं. जाड कोटातून तिचा हात त्याला जाणवला नाही; ती धरून आहे, हे तो तिच्या पावलांच्या आवाजावरून ओळखत होता, आणि ती थांबली की थांबत होता.